बेलिसारिओ दोमिंगेस : काही महिन्यांचा सिनेटर

वर कुणीतरी विचारलंय, जेमतेम काही महिने सिनेटर असलेल्या माणसाची कसली आलीय कारकीर्द? मला हे मुळीच पटत नाही.

दोमिंगेस मुळात डॉक्टर, पॅरिसला शिकलेले. परतून मेक्सिकोतल्या चियापास राज्यातल्या आपल्या कोमितान गावात दवाखाना चालवला, 1911मध्ये तिथलेच नगराध्यक्ष झाले. सिनेटवर ते पर्यायी सदस्य होते. मूळ सदस्य वारले म्हणून 1913मध्ये जागा मिळाली. तोवर लष्करातल्या जनरल वेर्ताने राष्ट्राध्यक्ष मादेरोंना उलथवून सत्ता बळकावली होती आणि मादेरोंचा खूनही झाला होता.

सप्टेंबरमध्ये दोमिंगेसांनी वेर्ताला पदावरून हटवा, असं भाषण लिहिलं. सभागृहात ते वाचूच दिलं नाही, म्हणून त्यांनी छापून वाटलं. छापायला धजावली मारिया एर्नांदेस सार्को नावाची छापखान्यातली कामगार बाई! तिचं नाव या धाग्यात अजून कुणीच कसं घेतलं नाही?

7 ऑक्टोबरला त्यांचा खून झाला. सिनेटने जाब विचारला, तर तीनच दिवसांत वेर्ताने संसदच बरखास्त केली. सिनेटचं सर्वोच्च पदक आज दोमिंगेसांच्या नावाने दिलं जातं, आणि मारियालाही ते पुढे मिळालं.