मदत हवी आहे: तिरकिट ११०च्या पुढे सरकत नाही

तबल्यावर तीनतालात (१६ मात्रांचा ताल) ‘तिरकिट’ या बोलाचा कायदा (विस्तार करत वाजवायची ठरलेली रचना) चौगुनीत वाजवतो, म्हणजे एका मात्रेत एक पूर्ण तिरकिट. १०४ लयीपर्यंत (मिनिटाला १०४ मात्रा) स्वच्छ येतो. ११०ला ‘र’ दबतो आणि ‘कि’ला चिकटतो. मोबाईलवर रेकॉर्ड करून निम्म्या वेगाने ऐकलं, तर ‘ति’ आणि ‘र’मधलं अंतर ‘कि’ आणि ‘ट’मधल्या अंतरापेक्षा स्पष्ट मोठं ऐकू येतं. म्हणजे ‘र’ वाजवणारी तर्जनी उशिरा पडते. त्याच वेळी कोपराखालचा हात आवळतो, हे हाताला कळतं.

आतापर्यंत केलेलं: ८०पासून रोज ४-४ने लय वाढवणं (तीन आठवडे, ११०लाच अडकतो), नुसतं ‘तिर तिर’ उजव्या हाताने, पाच मिनिटं, बोल फिरवून ‘किटतिर’, ‘रकिटति’. यातल्या फिरवण्याने सर्वांत जास्त फरक पडला, कारण दोष लगेच उघडा पडतो. पण कायद्यात परतलो की जुनी सवय परत येते.

हाताची ठेवण गुरुजींनी पाहिली आहे, ती बरोबर आहे. तबला साडेपाच इंची, काळी एक सुरात लावलेला. रियाजाला रोज ४० मिनिटंच मिळतात आणि शेजाऱ्यांमुळे डग्गा (डाव्या हाताचा) मोकळा वाजवता येत नाही.

आता १०४लाच थांबून तर्जनी सुधारावी, की १३०ला एक-दोन मात्रांचे छोटे तुकडे वाजवून मध्ये हात सैल सोडावा? दुसरं केलं तर ४० मिनिटांतली किती त्याला द्यावीत?