वेप्फर पुरस्कार आणि मेंदूतलं कडं : पोस्टर तपासून हवंय

निपाणीकर :
अकरावीचा गट विज्ञान प्रदर्शनासाठी 'अंगावरून वारं जाणं' (पक्षाघात, म्हणजे स्ट्रोक) हा विषय घेतोय, मराठी-कन्नड दोन्हींत. स्ट्रोक संशोधनाचा वेप्फर पुरस्कार ज्यांच्या नावाने आहे, त्यांनीच मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं कडं शोधलं, असं पोरांनी लिहिलंय. ठेवू का? मॉडेलही करायचंय.

घटप्रभा :
ते वाक्य खोडा. योहान याकोब वेप्फर (1620–1695) स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझनचे डॉक्टर. पक्षाघाताच्या झटक्याने गेलेल्यांची शवविच्छेदनं करून मेंदूत रक्तस्राव झालेला त्यांनी दाखवला. 1658 साली ते पुस्तकरूपाने आलं. कड्यातल्या वाहिन्यांचं वर्णन त्यांनीही केलंय, पण कडं ओळखलं जातं इंग्लंडचे डॉक्टर थॉमस विलिस यांच्या नावाने (1664). एक वाट बुजली तरी दुसरीकडून रक्त पोचतं, हे विलिसनी सांगितलं. त्यांच्याही नावाचा सन्मान अमेरिकेत आहे, म्हणून पोरांची गल्लत झाली असेल.

मलप्रभेकाठचा :
मॉडेलला फिश टँकची हवेची नळी आणि 5 टी-जोड पुरतात. गोल करा, क्रम असा : डावी आवक, डावी जावक, मागची आवक, उजवी जावक, उजवी आवक. तीन आवकांना तीन बाटल्या, फक्त डावीत लाल रंग. आता उजवी आवक चिमट्याने दाबा, उजव्या जावकेतून फिकट गुलाबी पाणी येईल. फिकट का, तर मागचं साधं पाणीही मिसळतं. मागचीही दाबलीत की लालभडक.

दोन ठिकाणी फसतं. बाटल्यांतलं पाणी एका पातळीत नसलं, तर चिमट्याआधीच लाल पलीकडे जातं. आणि जोडात बुडबुडा अडकला की धारच थांबते. म्हणून सगळी जोडणी बादलीत, पाण्याखाली करा.

घटप्रभा :
कन्नड रकान्यात 'पार्श्ववायू' लिहा, 'लकवा'ही कळतो. पण दोन्ही भाषांत शब्दात वाराच आहे, आणि लोक तेल चोळत बसतात. त्याखाली ठळक अक्षरात : 108 ला फोन, आधी सीटी स्कॅन. वेप्फरना दिसला तसा रक्तस्राव असेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घातक ठरतं. रक्तस्राव नसून वाहिनीत रक्ताची गुठळी अडकली असेल, तर ते साधारण साडेचार तासांत द्यावं लागतं. तास मोजायचे ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून. सकाळी उठताना तोंड वाकडं दिसलं, तर रात्री झोपला ती वेळ धरायची. पोस्टरवर नेमकं हेच राहून जातं.

निपाणीकर :
वाक्य खोडलं. टी-जोड 5 च आणतो.