घाटातली खरपुडी कुंडीत लावली, म्हणजे वाचवली का?

सड्यावरचा:
परवा एकाने फोटो टाकला होता. घाटातून खरपुडीचा, म्हणजे कंदिलासारखी फुलं येणाऱ्या रानवेलीचा कंद खणून आणला, बाल्कनीत लावला, चार कंदील लागले. खाली ओळ, 'दुर्मीळ वनस्पती वाचवली.' दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. वाचवली कशातून? मी दर पावसाळ्यात जातो त्या उतारावर सहा वर्षांपूर्वी गवतात अकरा वेल मोजले होते. गेल्या वर्षी तीन. शेजारी खुरप्याने काढलेले ताजे खड्डे. साळिंदराने उकरलं की माती चहूकडे उडते, कंदाचे तुकडे पडलेले असतात. हे खड्डे माणसाचे होते. आणि बाल्कनीत एकटी खरपुडी करणार काय? तिच्या फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात. चिलट आत शिरलं की अडकतं, केस कोमेजले की पराग घेऊन सुटतं, दुसऱ्या फुलाकडे जातं. तुमच्या कुंडीतून सुटलेल्या चिलटाने जायचं कुठे?

गच्चीतला माळी:
फोटो माझा आहे. रस्ता रुंद करताना पोकलेनने उतार कापला होता, मुरुमाच्या ढिगात कंद उघडा पडला होता. दुसऱ्या दिवशी त्यावर रोलर फिरणार होता. तो तिथेच सोडायला हवा होता का, एवढं सांगा.

रानवाटा:
दादा, अशी पोकलेनची गोष्ट प्रत्येकाकडे असते. तुमची खरी असेलही, पण तुमच्या फोटोखाली पंचवीस जणांनी 'कुठे मिळेल' विचारलंय. ते पोकलेनची वाट बघणार नाहीत, थेट सड्यावर, डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर जातील. राखीव वनातून रोप उपटणं १९२७ च्या वन कायद्यानेही गुन्हा आहे.

डोंगरमाळ:
लहानपणी गुरं राखताना आम्ही खरपुडीचे कंद उकरून तिथेच खायचो. माती पुसायची आणि तोंडात. तेव्हा नाही संपली. सडे जेसीबीने सपाट करून प्लॉट पाडले, तेव्हा संपली. ते कुणी केलं, त्यावर लिहा की कधीतरी.

पुणेकर टेकडी:
एका कंदावरून भांडताय आणि इकडे टेकड्या कॉसमॉसने पिवळ्या झाल्यात. मेक्सिकोचं झाड ते! लोक 'रानफुलांचा गालिचा' म्हणून त्याचेच फोटो टाकतात. बागेतून सुटलं आणि डोंगर खाल्ला.

मृद्गंध:
कॉसमॉसवर मधमाश्या बसतात, फुलपाखरं येतात. उजाड टेकडीपेक्षा बरंच ना?

पुणेकर टेकडी:
उजाड कोण म्हणतं? उन्हाळ्यात वाळलेलं गवत दिसलं की तुम्हाला ते उजाड वाटतं. त्याच जागी पावसात सोनकी, तेरडा, कवला येतो. आता कमरेएवढा कॉसमॉस वाढतो, खाली ऊन पोचत नाही. गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत त्याला. आमच्या टेकडीवर कुणाच्या तरी वाढदिवसाला पिशवीभर बिया उधळल्या होत्या. तीन वर्षं आम्ही पाच-सहा जण ऑगस्टमध्ये फुलायच्या आत उपटतोय. हात सोलून निघालेत.

मृद्गंध:
आवाज चढवू नका. बिया मीही टाकल्या होत्या, दुसऱ्या टेकडीवर. चांगलं समजून टाकल्या. यंदा उपटायला येते, वार कळवा.

डोंगरमाळ:
आणि ते बीजगोळे? सड्यावर झाडं लावायचा हट्ट? तिथं मुळात गवतच असायला हवं, हे शहरातून येणाऱ्यांना कोण सांगणार?

सह्यगवत:
मूळ मुद्द्यावर या. खरपुडी मी बियांपासून वाढवली आहे, तीही आमच्याच बांधावरच्या वेलाची. दिवाळीच्या आगेमागे शेंगांची जोडी पिकते. तडकायच्या आत त्यावर मलमलची पुरचुंडी बांधायची, नाहीतर रेशमी शेपटीच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर जातात. निम्म्या बिया तिथेच उडवून द्यायच्या. जूनमध्ये मुरूम, वाळू आणि थोड्या पानकुजीत पेरल्या, दहा दिवसांत उगवल्या. पहिल्या वर्षी कंद जेमतेम हरभऱ्याएवढा, फूल तिसऱ्या पावसात. वेल वाळला की पाणी पूर्ण बंद. माझ्या पहिल्या सात कुंड्या जानेवारीत मायेने पाणी घालून कुजल्या. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात खरपुड्यांचा संग्रह आहे. शिकायचं असेल तर तिथे जाऊन बघा, कड्यावर खुरपं घेऊन नको.

गच्चीतला माळी:
'वाचवली' हा शब्द काढला, फोटोही हटवला. कंद पावसाआधी त्याच उतारावर परत लावू का?

सड्यावरचा:
नको. कुंडीच्या मातीतली बुरशी आणि सूत्रकृमी (डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत) डोंगरावर नेऊन सोडाल. पोकलेनचं खरं मानतो, तुमच्यावर नको तेवढा घसरलो. पण जागा कुणालाही सांगू नका. डिसेंबर ते मे कुंडी कोरडी ठेवा.