व्हर्मीरची मुलगी लिनोकटमध्ये म्हातारी का दिसते?

प्रश्न (उमरखेडकडून): डच चित्रकार व्हर्मीरचं 'मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी' आठवीच्या पोरांकडून तीन रंगांत लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, न कोरलेल्या भागाला शाई लावून छापायचं) करून घ्यायचंय. प्रेस नाही, चमच्यानं घासून छाप काढतो. नाकाच्या रेघेमुळं ती पन्नाशीची दिसते, अन् रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत. शाई लग्नपत्रिका छापणाऱ्याकडची, ऑफसेटची.

वर्ध्याहून: सर, नाकाला रेघ देऊच नका. मूळ चित्रात नाकाची कड शेजारच्या गालात विरघळून गेली आहे, मध्ये रेघ नाहीच. लिनोवर ती कोरली की सुरकुती होते. सावलीचे सलग तुकडे पाडा. कागदाचा पांढरा धरून चारच छटा. मोत्यालाही बाह्यरेषा नाही, अडकवायची कडीसुद्धा रंगवलेली नाही. वर एक ठळक पांढरा ठिपका, खाली कॉलरचा मंद उजेड. वरचा ठिपका पहिला रंग छापण्याआधी कोरून काढा, खालचा त्यानंतर. पार्श्वभूमीच्या काळ्यावर मुळात हिरवा पारदर्शक थर होता, म्हणून शेवटच्या काळ्यात चिमूटभर हिरवा घाला. अन् ट्रेसिंग उलटं करूनच लिनोवर उतरवा, नाहीतर उजेड उजवीकडून येईल.

अमरावतीहून: पिकासोनं 1958 मध्ये जुना जर्मन चित्रकार धाकटा क्रानाख याच्या व्यक्तिचित्रावरून लिनोकट केलं, तेव्हा रंगागणिक वेगळा ठोकळा होता. ते जुळवणं कटकटीचं. पुढं तो एकाच लिनोवर कोरत-छापत जाऊ लागला. तुम्हीही तेच करा, फिकटाकडून गडदाकडे. जाड पुठ्ठ्यावर लिनोच्या मापाची चौकट चिकटवा, कागदासाठी एका कोपऱ्यात काटकोनी पट्टी. कागद दरवेळी त्याच कोपऱ्यात टेकवायचा. दहा प्रती हव्या असतील तर पहिला रंग पंधरा कागदांवर घ्या, कारण कोरलेला भाग परत येत नाही.

यवतमाळहून: शाईचं पण सांगतो भाऊ. उन्हाळ्यात रोलरवरच तिच्यावर साय धरते. घाणीच्या कच्च्या जवस तेलाचे दोन-तीन थेंब घाला, जास्त नाही, नाहीतर रंगाभोवती तेलकट कड फुटते. उकळलेलं तेल नको, ते लवकर वाळतं. पावसाळ्यात उलट, एक रंग वाळायला चार-चार दिवस लागतात. ओल्यावर दुसरा चढवला की खालचा उचलून येतो. हिवाळ्यात सकाळी लिनो तडकते, कोरण्याआधी दहा मिनिटं उन्हात ठेवा. मे महिन्यात मात्र सावलीतच ठेवा, मऊ झाली की छिन्नी खोल जाते अन् पापणीसारख्या बारीक कडा तुटतात. चमच्यानं घासता तर कागद पातळच घ्या. जाड ड्रॉईंगच्या कागदावर कितीही दाबा, मध्ये पांढरे डाग राहतातच.