'आय विल ऑलवेज लव्ह यू' व्हिटनीचं? काहीही!

खडूस_काकू:
काल इथे एकाने ठोकून दिलं, "गाणं खरं व्हिटनी ह्यूस्टनचंच. १९९२-९३मध्ये १४ आठवडे नंबर वन! डॉली पार्टनचं मूळ कुणाच्या खिजगणतीत होतं?" खिजगणतीत? डॉलीनेच लिहिलेलं-गायलेलं हे गाणं जून १९७४मध्ये बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या कंट्री संगीताच्या चार्टवर पहिलं होतं. १९८२ साली डॉलीने सिनेमासाठी पुन्हा गायलं, पुन्हा पहिलं. आणखी काय हवं, सातबारा?

तानपुरा:
ते 'काल'वाले आम्हीच. कंट्री चार्टवर पहिलं, हो. तेच १९८२चं गाणं हॉट १००वर, म्हणजे सगळ्या प्रकारच्या गाण्यांच्या यादीत, ५३व्या नंबरावर अडकलं, ते सोयीस्कर गाळलंत. व्हिटनीची ती वाद्यांविना सुरुवात ऐका, मग बोला.

नॅशव्हिलकर:
गल्ला कुणाचा, ते बोला. गायक एल्विस प्रेस्लीला हे गाणं हवं होतं. त्याच्या मॅनेजरने, कर्नल पार्करने, अर्धे प्रकाशन-हक्क, म्हणजे कुणीही गायलं तरी रचनेपोटी येणाऱ्या पैशांतला अर्धा वाटा, मागितले. डॉली रडली, पण नाही म्हणाली. म्हणून तर व्हिटनीच्या रेकॉर्डचे पैसे तिला मिळाले! मी विशीत एक जिंगल लिहिली, एकरकमी चेक घेतला, सही केली. टीव्हीवर वर्षानुवर्षं वाजली. आई शेजारणींना बोलावून ऐकवायची, मला दमडी नाही.

तानपुरा:
सही करताना वाचता येत नव्हतं?

नॅशव्हिलकर:
घरभाडं थकलेलं असताना तुम्ही बसा कलमं वाचत.

रोखठोक_नाना:
भारतात २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क कंपनीला लिहून देताच येत नाही. अपवाद फक्त वारस आणि कॉपीराइट सोसायटी (रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था), बस. तुमचं त्याआधीचं असेल तर विसरा.

नॅशव्हिलकर:
कायदा कागदावर. "सही कर, नाहीतर दुसरा आहे" म्हणणाऱ्याला कोण धरणार?

रोखठोक_नाना:
मग रडत बसा. कोर्टाची पायरी चढायची नाही आणि वर कायद्याला शिव्या!

खडूस_काकू:
धागा चार्टचा आहे हो!

सुलूमावशी:
मला राग वेगळाच. चुलतभावाच्या रिसेप्शनला नवराबायको याच गाण्यावर नाचले. अरे, निरोपाचं गाणं आहे ते! गायक पोर्टर वॅगनरचा टीव्ही शो सोडताना डॉलीने लिहिलेलं.

तानपुरा:
आणि त्याच वॅगनरने १९७९ साली तिच्यावर ३० लाख डॉलरचा दावा ठोकला. लग्नाला अगदीच अयोग्य नाही म्हणायचं.

खडूस_काकू:
विषय बदलू नका. गाणं कुणाचं?

तानपुरा:
बरं बाई, शब्द तिचे, चाल तिची, पैसेही तिचे. ऐकणार मात्र मी व्हिटनीचंच.

नॅशव्हिलकर:
ऐका की. गीतलेखनाची रॉयल्टी डॉलीलाच जाते.