तालमीपासून सुरुवात करा की

वर एकांनी लिहिलंय की पेठेतल्या चार घरांनी कचरा जिरवून हवामान काय बदलणार, मला हे अजिबात पटलेलं नाही. आम्ही कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतले, 2019 ला पुराचं पाणी बघितलं आणि परत 2021 ला पण बघितलं, त्यामुळं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 43 फुटाकडं, म्हणजे धोक्याच्या खुणेकडं, सरकली की पोटात गोळा येतो. ओला कचरा डेपोवर ढिगाखाली दबून हवेविना कुजला की मिथेन, म्हणजे हवामान तापवणारा वायू, होतो, आणि तोच टेरेसवर भोकं पाडलेल्या ड्रममध्ये सुका पाला घालून, हवा खेळती ठेवून कुजवला की मिथेन जवळपास होतच नाही, शिवाय खत मिळतं ते वेगळंच. फक्त मटणाची हाडं त्यात टाकू नका, वास सुटतो आणि उंदीर येतात.

आणि लोक कुठनं गोळा करायचे म्हणता, तर प्रत्येक पेठेत तालीम, म्हणजे कुस्तीचा आखाडा आणि पोरांचं मंडळ, आहे की! पुरात म्हाताऱ्या माणसांना उचलून बाहेर काढणारी हीच पोरं, त्यांना नीट सांगितलं तर ऐकतात, आणि सोबत बचत गटाच्या बायका असल्या की काम मधेच थांबत नाही. पुढच्या रविवारी तुमच्या तालमीत मीटिंग लावा, मी ड्रम घेऊन येतो.