मदत हवी आहे: सीएसएस प्रोफाइलमध्ये (अमेरिकी कॉलेजांकडून आर्थिक मदत मागण्याच्या फॉर्ममध्ये) उसाचं उत्पन्न कसं दाखवायचं?

माझी भाची यंदा बारावीला आहे. अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांना, मुख्यतः ॲमहर्स्ट आणि ग्रिनेलला, अर्ज करतेय. तिला गणित आणि इतिहास दोन्ही शिकायचंय, आणि या दोन्ही कॉलेजांत पहिल्या सत्रातला एक सेमिनार सोडला तर मुख्य विषयाबाहेरचं काही सक्तीचं नाही. पोरगी हुशार आहे, पण भरघोस आर्थिक मदत मिळाली तरच जाणं शक्य आहे. ॲमहर्स्ट परदेशी मुलांचा प्रवेश ऐपत न बघता ठरवतं, ग्रिनेल बघतं, हे माहीत आहे.

अडलंय ते सीएसएस प्रोफाइलवर. दाजींची फक्त शेती. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून रिटर्न कधी भरलेलं नाही. उसाचं बिल हप्त्यांनी येतं, आणि सोसायटीचं पीककर्ज कारखाना परस्पर वळतं करतो. त्यामुळे बिलावरचा आकडा आणि पासबुकातला आकडा जुळतच नाही. शिवाय सातबारा सामाईक आहे, आजोबा आणि दोन काकांसह.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून इंग्रजी भाषांतर नोटरी केलंय. एका कॉलेजला मेलही केला. कुठलाही अधिकृत पुरावा चालेल, एवढंच कळवलं. पैसे घेणारा सल्लागार परवडणार नाही. अर्जाची मुदत जानेवारीच्या सुरुवातीची आहे.

शेतकरी कुटुंबातून कुणी हा फॉर्म भरलाय का? उत्पन्न म्हणून बिलाची पूर्ण रक्कम लिहिलीत की खर्च वजा जाता उरलेली? आणि सामाईक जमिनीतला आपला हिस्सा कसा दाखवलात?